‘याच्याकडून एवढी अपेक्षा नव्हती’: अनपेक्षित अभिनय घडतो कसा?

13 मार्च 1947 रोजी झालेल्या ऑस्कर सोहळ्यात एकाच माणसाला एकाच भूमिकेसाठी दोन पुतळे मिळाले. असे त्याआधी कधी झाले नव्हते आणि त्यानंतरही झालेले नाही. तो माणूस, हॅरॉल्ड रसेल, मुळात अभिनेता नव्हताच. सैन्यात प्रशिक्षक असताना 1944 मध्ये स्फोटकांच्या अपघातात त्याचे दोन्ही हात गेले होते, आणि विल्यम वायलरच्या ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ या चित्रपटात त्याने हातांच्या जागी धातूचे आकडे (हुक) घेऊन युद्धावरून घरी परतलेल्या खलाशाचे काम केले होते. सहायक अभिनेत्याच्या गटात त्याला नामांकन मिळाले खरे, पण कसलेल्या नटांच्या पंगतीत हा नवखा माणूस जिंकणे शक्य नाही, असे ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे मंडळ धरूनच चालले होते. म्हणून त्याच्यासाठी एक विशेष पुरस्कार त्यांनी आधीच ठरवून ठेवला. प्रत्यक्षात पाकीट उघडले तेव्हा स्पर्धेतला पुरस्कारही त्यालाच गेला.

किस्सा गमतीचा आहे, पण त्यात अडकलेला प्रश्न गमतीचा नाही. ज्यांचे अवघे आयुष्य अभिनय पाहण्यात आणि पारखण्यात गेले होते, त्यांचाच अंदाज चुकला. आपण प्रेक्षक म्हणून एखाद्या नटाविषयी ‘याच्याकडून एवढी अपेक्षा नव्हती’ असे म्हणतो, तेव्हा त्या एका वाक्यात दोन वेगवेगळी विधाने एकमेकांत मिसळलेली असतात. काम चांगले झाले हे पहिले विधान, आणि ते आपल्याला अनपेक्षित होते हे दुसरे. पहिले विधान पडद्यावरच्या माणसाविषयी आहे, तर दुसरे आपल्या अंदाजाविषयी. ही दोन विधाने सुटी करून पाहिली, तर अशा अभिनयामागे योगायोगाचा वाटा आपण समजतो त्याहून फारच थोडा असतो असे दिसते. जे आपल्या नजरेतून निसटले, ते कुणीतरी, बहुतेक वेळा दिग्दर्शकाने, आधीच हेरून ठेवलेले असते.

अंदाज चुकतो कसा, ते आधी पाहू. चित्रपट हा महागडा आणि जोखमीचा धंदा आहे, त्यामुळे पैसे घालणारा माणूस चालून गेलेल्या गोष्टीलाच पुन्हा पसंती देतो. एखाद्या नटाचा एक विनोदी चित्रपट चालला की पुढच्या पाच पटकथा त्याच वळणाच्या येतात. त्या पाचही त्याने केल्या की प्रेक्षकांच्या मनात त्याची एक प्रतिमा घट्ट बसते, आणि मग ती प्रतिमा म्हणजेच त्याचा वकूब असे सगळे समजू लागतात. या तर्कातली चूक साधी आहे, पण ती सहजी लक्षात येत नाही. एखाद्याला एखादी गोष्ट करताना आपण पाहिलेले नाही, एवढ्यावरून त्याला ती येत नाही असे ठरत नाही. कित्येकदा त्याला ती करायला कुणी सांगितलेलेच नसते.

टिम बर्टनने ‘बॅटमॅन’साठी मायकल कीटनची निवड केली तेव्हा, विनोदी भूमिकांसाठी ओळखला जाणारा हा नट नको म्हणून स्टुडिओकडे हजारो निषेधपत्रे आली. 1989 मध्ये चित्रपट आला आणि ती ओरड विरली. पुढे ‘द डार्क नाइट’मध्ये जोकर या खलनायकाच्या भूमिकेसाठी हीथ लेजरचे नाव जाहीर झाले तेव्हाही नाके मुरडली गेली, 2008 च्या जानेवारीत लेजरचे निधन झाले, त्याच वर्षी चित्रपट प्रदर्शित झाला आणि 2009 मध्ये त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळाले. पण लेजरच्या बाबतीत आश्चर्य वाटायचे कारण खरे तर फारसे नव्हते. 2005 च्या ‘ब्रोकबॅक माउंटन’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या गटात त्याला आधीच नामांकन मिळालेले होते. पुरावा समोर होता. ज्यांनी तो पाहिला नव्हता त्यांनाच धक्का बसला.

दूरचित्रवाणीतले एक उदाहरण इथे सांगण्याजोगे आहे, कारण त्यात पारखणाऱ्याची नजर स्पष्ट दिसते. ‘ब्रेकिंग बॅड’ या मालिकेत रसायनशास्त्राच्या शिक्षकाचा अमली पदार्थांचा व्यापारी होतो, आणि त्या भूमिकेसाठी निर्माता व्हिन्स गिलिगनला ब्रायन क्रॅन्स्टन हवा होता. वाहिनीच्या लोकांना क्रॅन्स्टन ठाऊक होता तो एका घरगुती विनोदी मालिकेतला वेंधळा बाप म्हणून, त्यामुळे त्यांना ही निवड पटेना. गिलिगनने त्यांच्याशी वाद घालत बसण्याऐवजी ‘एक्स-फाइल्स’ मालिकेचा 1998 मधला एक भाग त्यांना दाखवला. तो भाग गिलिगननेच लिहिला होता आणि त्यात क्रॅन्स्टनने अत्यंत द्वेष्ट्या माणसाचे काम असे केले होते की त्या माणसाचा तिटकारा येत असतानाच त्याची कीवही यावी. गिलिगनला नेमका हाच गुण हवा होता. 2008 मध्ये मालिका सुरू झाल्यावर जगभर जो अचंबा व्यक्त झाला, त्यात गिलिगन बहुधा नसावा.

आता विनोदी नटांच्या गंभीर भूमिकांकडे वळू, कारण अनपेक्षित अभिनयाची सर्वाधिक उदाहरणे याच वाटेने येतात. अॅडम सँडलर हा नट 1990 च्या दशकात भडक विनोदी चित्रपटांमुळे लोकप्रिय झाला. ‘हॅपी गिलमोर’मधला त्याचा गोल्फ खेळाडू चटकन भडकतो, ओरडतो, मारामारी करतो, आणि प्रेक्षक त्यावर मनसोक्त हसतात. पॉल थॉमस अँडरसन या दिग्दर्शकाने 2002 मध्ये आलेला ‘पंच-ड्रंक लव्ह’ हा चित्रपट सँडलरला डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिला. त्यात त्याला सात बहिणी आहेत. एका बहिणीकडच्या समारंभात त्या सगळ्या जमून त्याला लहानपणीच्या चेष्टेच्या नावाने चिडवतात. तो कसनुसे हसतो, खाली पाहतो, काहीच बोलत नाही, आणि थोड्या वेळाने घराच्या मोठाल्या काचा फोडतो. त्यानंतर तो मेहुण्याला बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगतो की कधी कधी आपल्याला स्वतःविषयी बरे वाटत नाही, तुम्ही डॉक्टर आहात तर काही मदत कराल का. मेहुणा दातांचा डॉक्टर असतो.

हा प्रसंग पुन्हा पाहिला की ध्यानात येते ते असे की सँडलरने इथे काही नवीन आणलेलेच नाही. तोच दबलेला आवाज, तेच ओशाळे हसू, तोच अचानक उसळणारा संताप त्याच्या आधीच्या चित्रपटांतही होता. फरक इतकाच की पूर्वी त्या संतापानंतर दिग्दर्शक हशाची जागा सोडत असे, आणि इथे त्या जागी अवघडलेली शांतता ठेवली आहे. पूर्वी काच फुटली की दृश्य संपायचे. इथे काच फुटल्यानंतरचा माणूस दाखवला आहे. अँडरसनने नटाला बदलले नाही, त्याच्या अवतीभवतीचा चित्रपट तेवढा बदलला.

मराठी प्रेक्षकाला याच जातीचे उदाहरण ‘एक होता विदूषक’मध्ये सापडेल. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला आणि पु. ल. देशपांडे यांनी पटकथा लिहिलेला हा चित्रपट 1992 मध्ये आला, आणि लोकांना हसवणाऱ्या कलावंताची ही शोकात्म कहाणी लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या वाट्याला आली. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा पहिला बराच वेळ हसण्याच्या तयारीनेच बसलो होतो, आणि ती तयारी हळूहळू निकामी होत गेली. बेर्डे यांच्या पडेल चित्रपटांतही त्यांचे टायमिंग कधी पडेल नसे. ते टायमिंग इथे हशासाठी खर्ची न पडता एखादे वाक्य उशिरा, अगदी नको इतक्या उशिरा उच्चारण्यासाठी वापरले गेले. त्यांना अशा भूमिका आणखी का मिळाल्या नाहीत, याचे उत्तर त्यांच्या अभिनयात शोधण्यापेक्षा धंद्याच्या गणितात शोधावे लागेल.

विनोदी नटाला गंभीर काम जमते यामागे काही ठोस कारणे आहेत. विनोदात अर्ध्या सेकंदाचा फरक पडला तरी हशा हुकतो, त्यामुळे त्याला थांबण्याचे मोल चांगले कळलेले असते. समोरच्याचे वाक्य नीट ऐकल्याशिवाय त्यावर चपखल उत्तर देता येत नाही, त्यामुळे ऐकण्याची सवय त्याच्या अंगी मुरलेली असते, आणि पडद्यावर ऐकणारा चेहरा हा बोलणाऱ्या चेहऱ्याइतकाच, कधी त्याहूनही अधिक मोलाचा असतो. शिवाय स्वतःचे हसे करून घ्यायला तो कचरत नाही. देखण्या नायकाला जी गोष्ट पडद्यावर दाखवायची लाज वाटते, ती त्याने वर्षानुवर्षे दाखवलेली असते. रॉबिन विल्यम्सला ‘गुड विल हंटिंग’साठी (1997) ऑस्कर मिळाले तेव्हा या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या, विशेषतः ऐकण्याची.

तरीही या प्रकाराचे कौतुक थोडे हात राखून करावे, असे माझे मत आहे. विनोदी नट गंभीर झाला म्हणजे तो चांगलाच झाला असे समजून टाळ्या वाजवण्याची एक सवय समीक्षकांना लागलेली आहे. दाढी वाढवायची, आवाज खर्जात न्यायचा, चेहरा सुतकी ठेवायचा आणि सगळी गंमत आवळून टाकायची, याला अनेकदा मोठा अभिनय समजले जाते. सँडलर आणि बेर्डे यांच्या कामात आधीचा विनोदी नट नाहीसा झालेला नाही, तो आत हजर आहे. म्हणून ते काम जिवंत वाटते. जिथे तो पुरता पुसून टाकलेला असतो, तिथे उरते ती केवळ नेपथ्यासारखी उदासी. वजन घटवणे, वाढवणे, रंगभूषेने ओळखू न येणे यांचेही तसेच. त्यातले कष्ट खरे असतात, पण कष्ट दिसणे आणि माणूस दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रतिमेचा उपयोग याच्या बरोबर उलट दिशेनेही करता येतो. हेन्री फोंडा हा अनेक दशके सरळ, सज्जन, विश्वासू माणसांच्या भूमिका करणारा अमेरिकन नट. सर्जिओ लिओने या इटालियन दिग्दर्शकाने ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (1968) या चित्रपटात त्याला क्रूर मारेकऱ्याची भूमिका दिली. फोंडाने खलनायक व्हायचे म्हणून आपल्या परीने तयारी केली, आणि तपकिरी भिंगे लावून, मिशी वाढवून तो चित्रीकरणाला हजर झाला. लिओनेने दोन्ही काढून टाकायला लावले. त्याला ते सुप्रसिद्ध निळे डोळेच हवे होते. चित्रपटात एका कुटुंबाची हत्या होते, झुडपांतून लांब कोट घातलेले मारेकरी बाहेर येतात, एक लहान मुलगा तेवढा उरलेला असतो, आणि कॅमेरा म्होरक्याच्या पाठीमागून सावकाश फिरत त्याच्या चेहऱ्यावर येतो, तो फोंडाचा चेहरा. त्या क्षणी त्याला काहीही करून दाखवायची गरज नसते. प्रेक्षकाने वर्षानुवर्षे त्या चेहऱ्यावर जो विश्वास ठेवला होता, तो विश्वासच भीतीचे साधन होतो. नवख्या नटाने तेच उभे राहणे, तेच पाहणे हुबेहूब केले असते, तरी हा परिणाम साधला नसता.

म्हणजे प्रतिमा कधी आड येते आणि कधी कामी येते. मग ज्याची मुळी प्रतिमाच नाही, त्याचे काय?

व्हित्तोरिओ दे सिका ‘बायसिकल थीव्ह्ज’ या चित्रपटासाठी पैसे जमवत होता तेव्हा डेव्हिड सेल्झनिक या बड्या अमेरिकन निर्मात्याने तयारी दाखवली, पण नायक म्हणून कॅरी ग्रँट हवा अशी अट घातली. दे सिकाने ती नाकारली आणि लँबेर्तो माज्जिओरानी या कारखान्यातल्या कामगाराला घेतले. 1948 मधला हा चित्रपट म्हणजे सायकल चोरीला गेल्यामुळे नोकरी जाण्याच्या बेतात असलेल्या एका गरीब माणसाची, आणि त्याच्यामागून दिवसभर फरफटणाऱ्या त्याच्या मुलाची गोष्ट. त्या जागी कॅरी ग्रँट असता तर काय झाले असते, याची कल्पना करून पाहावी. ग्रँट उत्तम नट होता, पण त्याला पडद्यावर पाहणाऱ्या प्रत्येकाला खात्री असे की हा गडी यातून काहीतरी मार्ग काढणारच. माज्जिओरानीच्या बाबतीत तशी खात्री देणारे काहीच आपल्यापाशी नसते. त्याचे पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक नाही, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहून वाटते की त्यालाही ते ठाऊक नाही.

हाइंग न्गोर हा कंबोडियातला डॉक्टर ख्मेर रूजच्या नरसंहारी राजवटीतून जिवंत सुटला होता. 1984 च्या ‘द किलिंग फील्ड्स’मध्ये त्याच राजवटीतून सुटलेल्या पत्रकाराची भूमिका त्याने केली आणि सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळवले, त्याआधी त्याने कधी अभिनय केला नव्हता. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (2014) खटल्यात अडकलेल्या वयस्क लोकशाहिराचे काम वीरा साथीदार यांनी केले, आणि ते स्वतः चळवळीतले कार्यकर्ते व कवी होते. अशा वेळी एक वाक्य हमखास ऐकू येते: त्यात अभिनय कसला, तो तर स्वतःसारखाच वागला. हे वाक्य ज्याने कधी कॅमेऱ्यासमोर उभे राहून पाहिलेले नाही, तोच म्हणू शकतो. जमिनीवर खूण केलेल्या जागीच थांबायचे, दिव्याच्या झोतातून बाहेर जायचे नाही, समोर चाळीस माणसे उभी असताना ती नाहीत असे समजायचे, तेच वाक्य सातव्यांदा म्हणताना ते पहिल्यांदाच सुचल्यासारखे म्हणायचे, आणि हे सारे करताना ‘स्वतःसारखे’ राहायचे. लग्नातल्या व्हिडिओत आपण कसे चालतो ते ज्याने पाहिले असेल, त्याला यातली अडचण वेगळी सांगायला नको.

रसेलचे प्रकरण म्हणूनच शिकण्यासारखे आहे. निर्माता सॅम्युअल गोल्डविनने त्याला अभिनयाच्या शिकवणीला घातल्याचे वायलरला कळले तेव्हा वायलर रागावला, कारण न शिकलेला माणूसच त्याला हवा होता. चित्रपटात एका रात्री रसेलचे पात्र आपल्या प्रेयसीला स्वतःच्या खोलीत नेते आणि झोपण्यापूर्वी आकड्यांचा तो सांगाडा खांद्यांवरून कसा उतरवतो ते दाखवते; एकदा ते काढले की मग खोलीचे दार लागले तर मला उघडताही येणार नाही, असे तो सांगतो. आवाज चढत नाही, डोळे पाणावत नाहीत. रोज करावी लागणारी एक कृती समजावून द्यावी तशी तो ती सांगतो. शिकलेल्या नटाला इथे करुण होण्याचा मोह आवरला नसता. रसेलच्या खांद्यांना ती हालचाल इतकी सवयीची होती की तिच्यात करुणा मिसळायला जागाच नव्हती, आणि त्यामुळे ती सारी प्रेक्षकाच्या वाट्याला येते.

लहान मुलांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी वेगळा होतो, कारण त्यांना ‘दुःखी हो’ असे सांगून भागत नाही. ‘पथेर पांचाली’मध्ये (1955) अपूचे काम करणाऱ्या सुबीर बॅनर्जी या मुलाला काशगवताच्या रानातून चालत जायचे होते. आपल्या बहिणीला शोधत, मध्येच थांबत, इकडेतिकडे पाहत जाणारा मुलगा सत्यजित राय यांना हवा होता, पण मुलगा सरळ चालत जाई. तेव्हा राय यांनी त्याच्या वाटेत लहानसहान अडथळे ठेवले आणि गवताआड लपवलेल्या सहकाऱ्यांना ठरल्या क्षणी वेगवेगळ्या बाजूंनी त्याला हाका मारायला सांगितले. मुलगा अडथळा ओलांडायला थबकला, हाकेच्या दिशेने वळला, पुन्हा चालू लागला, आणि पडद्यावर ते शोधणे झाले. हिरोकाझू कोरे-एदा हा जपानी दिग्दर्शकही बालकलाकारांच्या हाती पटकथा देत नाही, चित्रीकरणाच्या वेळी त्यांना संवाद तोंडी सांगतो. त्याच्या ‘नोबडी नोज’साठी यूया यागीरा या मुलाला 2004 मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला तेव्हा तो 14 वर्षांचा होता.

मुलाला भावना समजावून न सांगता त्याच्या शरीराला एक काम नेमून दिले, हे राय यांच्या युक्तीचे मर्म. मोठ्या नटांच्या बाबतीतही अनेक दिग्दर्शक हेच करतात. ‘तू आता खचलेला आहेस’ असे सांगितले की नट खचल्याचे चित्र काढायला जातो. ‘बोलता बोलता त्या शर्टाचे बटण लाव’ असे सांगितले की त्याचे लक्ष बटणाकडे जाते आणि खचलेपण आपोआप बोटांत उतरते. दिग्दर्शक कधी थकवूनही हे साधतात. ‘सिटी लाइट्स’मध्ये (1931) आंधळ्या फुलवालीचे काम करणारी व्हर्जिनिया चेरिल जवळजवळ नवखी होती आणि चॅप्लिनचे तिच्याशी जमत नव्हते, फूल विकण्याचा तो छोटासा प्रसंग त्याने 342 वेळा चित्रित केल्याची नोंद गिनेसच्या पुस्तकात आहे. मध्येच तिला काढून टाकून पुन्हा बोलावण्यापर्यंत प्रकरण गेले. रोबेर ब्रेसाँ हा फ्रेंच दिग्दर्शक तर आपल्या नटांना नट म्हणतच नसे, ‘मॉडेल’ म्हणे, आणि वाक्यातला सारा अभिनय झिजून जाईपर्यंत ते त्यांच्याकडून घोकून घेई.

आता कॅमेरा आणि संकलन, म्हणजे चित्रित तुकड्यांची निवड आणि जोडणी, यांच्याकडे यायला हवे, कारण चित्रपट आणि रंगभूमी यांतला मोठा फरक तिथेच आहे. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे तर भाव मोठा करावा लागतो. क्लोजअपमध्ये मात्र चेहरा भिंतीएवढा झालेला असतो, आणि तिथे पापणीची उघडझापही घटना ठरते. मायकल केनने 1987 मध्ये बीबीसीवर पडद्यावरच्या अभिनयाचा एक धडा दिला होता. त्यात, क्लोजअपमध्ये समोरच्या नटाच्या दोनांपैकी कॅमेऱ्याजवळच्या एकाच डोळ्यात पाहा आणि पापणी लवू देऊ नका, असे तो सांगतो. इतक्या बारीक गोष्टींवर परिणाम ठरत असल्यामुळे, ज्याचा आवाका मोठा नाही पण ज्याचा चेहरा शांत राहू शकतो, असा नट पडद्यावर मोठ्या नटापेक्षा सरस ठरू शकतो.

या शांततेचे टोकाचे उदाहरण म्हणजे 1933 मधल्या ‘क्वीन क्रिस्टिना’चा शेवट. प्रियकर मेलेला आहे, राज्य सोडलेले आहे, आणि ग्रेटा गार्बो जहाजाच्या टोकाशी उभी आहे. कॅमेरा जवळ जवळ येत तिच्या चेहऱ्यावर थांबतो. या क्षणी काय विचार करू, असे तिने विचारले तेव्हा दिग्दर्शक रूबेन मामूलियनने तिला काहीही विचार करू नकोस, चेहरा कोऱ्या कागदासारखा ठेव, असे सांगितले. वाऱ्याने केस तेवढे हलतात. पाहणाऱ्याला मात्र त्या चेहऱ्यावर दुःख, धैर्य, पश्चात्ताप यांपैकी जे त्याच्या मनात असेल ते दिसते.

पाहणारा रिकाम्या चेहऱ्यात स्वतःच अर्थ भरतो, हे रशियातल्या लेव्ह कुलेशोव्हने त्याआधीच दाखवून दिले होते. 1920 च्या आसपास त्याने एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि तोच तुकडा आळीपाळीने सूपच्या वाडग्याला, शवपेटीला आणि आणखी एका दृश्याला जोडला. प्रेक्षकांना एकदा त्या चेहऱ्यावर भूक दिसली, एकदा शोक दिसला. मूळ फीत आज उपलब्ध नाही आणि तिची वर्णने एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, परंतु तत्त्व प्रत्येक संकलक रोज वापरतो. नटाचे वाक्य पडले तर त्या जागी ऐकणाऱ्याचा चेहरा ठेवतो. एकच दृश्य पुन्हा पुन्हा चित्रित करतात त्यातल्या तिसऱ्या टेकमधली नजर आणि सहाव्या टेकमधला आवाज एकत्र आणतो. वाक्यानंतर नट क्षणभर जास्त रेंगाळला असेल तर तेवढा क्षण छाटतो. एखाद्या चित्रपटात ठोकळा वाटणारा नट दुसऱ्यात एकदम समजूतदार वाटू लागतो, तेव्हा मधल्या काळात त्याने बरेच काही शिकलेले असणे शक्य आहे, आणि त्याला चांगला संकलक भेटलेला असणेही तितकेच शक्य आहे.

यावर कुणी म्हणेल की मग नटाचे श्रेय उरते किती? माझ्या मते बरेच उरते. संकलक जे चित्रित झाले आहे त्यातूनच निवडू शकतो; जी नजर कोणत्याच टेकमध्ये आली नाही ती त्याला निर्माण करता येत नाही. गार्बोच्या जागी दुसऱ्या कुणाला चेहरा कोरा ठेवायला सांगितले असते, तर तो बहुधा कंटाळलेला दिसला असता. आणि कुलेशोव्हच्या प्रयोगातला तो ‘निर्विकार’ चेहरा रस्त्यावरच्या कुणाचाही नव्हता. तो इव्हान मोझ्झुखिन या त्या काळच्या रशियन पडद्यावरच्या बड्या नटाचा होता, ही गोष्ट प्रयोग सांगताना बहुतेक जण विसरतात.

पुढच्या वेळी एखाद्या कामाने चकित केले, तर ते दृश्य एकदा आवाज बंद करून पाहावे. संवादांचा आणि पार्श्वसंगीताचा आधार गेल्यावर काय उरते ते कळते. मग त्याच दृश्यात, समोरचा बोलत असताना आपला नट काय करतो तेवढेच पाहावे: तो ऐकतो आहे, की स्वतःचे वाक्य येण्याची वाट पाहतो आहे. त्यानंतर शक्य असेल तर त्याचा जुना, सुमार समजला गेलेला एखादा चित्रपट काढून पाहावा. पुष्कळदा तीच लकब, तोच थांबा तिथे आधीपासून असतो. फक्त कॅमेरा तेव्हा दुसरीकडे वळलेला असतो.

असे काम पुन्हा का होत नाही, हेही यावरून समजते. नट, भूमिका, दिग्दर्शकाची नजर आणि संकलन यांचा मेळ बसून जे तयार होते, ते नटाला एकट्याला बरोबर घेऊन जाता येत नाही. माज्जिओरानी चित्रीकरणानंतर आपल्या कारखान्यात परतला, पुढे त्याची तिथली नोकरी गेली, आणि नंतर मिळालेल्या छोट्या भूमिकांत तो पुन्हा कधी तसा दिसला नाही. रसेलला वायलरने स्वतःच सांगितले होते की हात नसलेल्या माणसासाठी भूमिका फारशा लिहिल्या जाणार नाहीत, तेव्हा परत जाऊन शिक्षण पूर्ण कर. रसेलने ते ऐकले, बॉस्टन विद्यापीठात पदवी घेतली आणि पुढची अनेक वर्षे अपंग माजी सैनिकांसाठी काम केले. मोठ्या पडद्यावरचा त्याचा पुढचा चित्रपट 1980 मध्ये आला.